बावीस घरं उजवीकडे, नऊ वर

नववीच्या वर्षी गणिताच्या बाईंनी आम्हांला आकृत्या सरकवायला शिकवलं. बाई पुण्याहून एसटीनं येत आणि मोठ्या रस्त्यापासून शाळेपर्यंत चालत येत, त्यामुळे पहिल्या तासाला त्यांच्या चपलांवर नेहमी धूळ असायची. त्यांनी फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली, बारीक चौकोन आखले आणि कोपऱ्यात एक त्रिकोण काढला.

"हा त्रिकोण पाच घरं उजवीकडे आणि तीन घरं वर न्यायचाय. कसा न्याल?"

एकजण म्हणाली, "पुसून परत काढायचा."

बाई हसल्या. "आणि वाकडा आला तर? फक्त तीन टोकं हलवा. प्रत्येक टोकाच्या पहिल्या आकड्यात पाच मिळवा, दुसऱ्यात तीन. टोकं पोचली की त्रिकोण पोचला."

तसंच झालं. मग त्यांनी विचारलं, "काय बदललं?" आम्ही म्हणालो, "जागा." "आणि काय नाही बदललं?" तेही त्यांनीच सांगितलं: बाजू तेवढ्याच, कोन तेवढेच, एका टोकापासून दुसऱ्या टोकाचं अंतर तेवढंच. पुस्तकात त्याला स्थानांतर म्हटलं होतं. मला ते इतकं आवडलं की महिनाभर मी वहीत दिसेल ते सरकवत होते, पतंग, पणत्या, आईच्या लुगड्याच्या काठावरची नक्षी.

आमचं गाव भोसरीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून दोन मैल आत होतं. गावाच्या कडेनं ओढा जायचा. ओढ्याच्या एका अंगाला देऊळ, चावडी, शाळा आणि पन्नासेक घरं. दुसऱ्या अंगाला आमची बारा घरं. आम्ही बौद्ध. धर्म बदलल्यावर दोन वर्षांनी माझा जन्म झाला, त्यामुळे मी भिंतीवर बुद्धाची तसबीरच पाहत आले. पण गावाच्या तोंडी आमच्या वस्तीचं जुनंच नाव होतं. ओढ्यावर दगडी फरशी होती, तिच्यावरून दोन्हीकडचं जाणं-येणं चालायचं. आमचं जास्त, त्यांचं कमी.

माझे वडील, अण्णा, पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. मदतनीस म्हणून लागले आणि बघून बघून लेथ शिकले. ते लागले त्याच आठवड्यात गावातला आणखी एक माणूस त्याच कंपनीत लागला होता. बागायतदाराच्या घरचा, थोडी जमीन आधीच कारखान्यात गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी. मी त्यांना काका म्हणायची. अण्णांच्या लेथशेजारचं मिलिंग मशीन त्यांचं. दोघं सायकलींवर भोसरीपर्यंत जात, तिथून कंपनीची बस. जेवणाच्या सुट्टीत दोघांचे डबे एकत्र उघडत. आईच्या हातचा खर्डा काकांना इतका आवडायचा की ती अण्णांच्या डब्यात त्यांच्या वाटचा वेगळा घालायची.

गावात मात्र काका फरशीपर्यंतच येत. सायकलवरून एक पाय खाली टेकवून अण्णांना हाक मारत. आई म्हणायची, "भाऊ, च्या घेता का?" आणि ते म्हणायचे, "आत्ताच घेतला, वैनी." रोज आत्ताच घेतलेला असायचा. आणखी एक होतं. कंपनीत अण्णा त्यांना 'तू' म्हणत, हे मला एकदा तिथल्या स्नेहसंमेलनाला गेले तेव्हा कळलं. गावात 'तुमी' म्हणत. मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "हितली भाषा हितं, तिथली तिथं."

मी नववीत असतानाच नोटीस आली. कारखान्यांसाठी घेतलेल्या जमिनीच्या मधोमध आमचं गावठाण येत होतं. ते उठवून माळावर नव्यानं वसवायचं ठरलं होतं. गावात रडारड झाली. देवळाचं काय, विहिरींचं काय. आमच्या घरात मात्र त्या दिवशी अण्णा खुशीत होते. अंगणात बसून आईला म्हणाले, "माळावर ओढा न्हाई."

"मंग?"

"मंग काय! ओढाच न्हाई तर पल्याड कुठनं ऱ्हाईल? चिठ्ठ्या टाकून जागा देतील. ज्याला जी निघंल ती."

काकांचंही तेच म्हणणं होतं. फरशीवर उभं राहून ते अण्णांना म्हणाले, "आपुन दोघं अर्ज करू. शेजारी शेजारी जागा मागू. एकच भिंत बांधायची मधी, खर्च निम्मा." अण्णांनी ते आईला सांगितलं आणि त्या दिवसापासून आई नव्या घरात चूल कुठे ठेवायची याचा विचार करू लागली. धूर काकूंच्या बाजूला जायला नको, असं ती मला दोनदा म्हणाली. ज्या बाईच्या उंबऱ्याला तिनं कधी पाय लावला नव्हता, तिच्या डोळ्यांची तिला काळजी.

तीन-चार महिन्यांनी नकाशा आला. चावडीवर लावला होता, पण तिथे तो कुणाला नीट कळेना. तलाठ्याकडे आणखी एक प्रत होती, ती अण्णा एका रविवारी मागून घेऊन आले. निळ्या रेघांचा भलामोठा कागद. जुनं गाव तुटक रेघांनी काढलेलं आणि माळावरचं नवं गाव सलग रेघांनी. अण्णा म्हणाले, "तू गणितात पयली येतीस. बघ आपलं घर कुठं हाय ते, आन काकांचं कुठं."

घरांवर बारीक आकडे होते. नव्या गावात आमचा आकडा सापडला. तो बारा घरांच्या पुंजक्यात, एका टोकाला होता. मला वाटलं, आकडे अजून जुन्या क्रमानेच टाकले असतील. पण नुसतं बघून कळेना, म्हणून मी दप्तरातले आलेख कागद काढून एकमेकांना चिकटवले. पातळ कागद ठेवून नकाशा उतरवला आणि तो आलेख कागदावर गिरवला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात आरंभबिंदू धरला. आधी देऊळ घेतलं. जुनं देऊळ आठ घरं उजवीकडे, चौदा घरं वर. नवं देऊळ तीस घरं उजवीकडे, तेवीस वर. म्हणजे बावीस उजवीकडे, नऊ वर.

मग चावडी. बावीस, नऊ. शाळा. बावीस, नऊ. काकांचं घर, बावीस आणि नऊ. माझं पेन्सिल धरलेलं बोट दुखायला लागलं. मी आमच्या घरावर आले तेव्हा मनातल्या मनात म्हणत होते की हे तरी वेगळं निघू दे. ते चौदा घरं उजवीकडे आणि पाच वर होतं. नव्या नकाशात छत्तीस आणि चौदा.

मी तीनदा तपासलं. आमची बाराही घरं. मग गाव आणि वस्ती यांच्यामधलं अंतर मोजलं. जुन्या नकाशात तिथे ओढा होता, सहा घरं रुंदीचा, काठ धरून. नव्या नकाशातही तिथे आलेखाची सहाच घरं होती. त्या जागी काहीच काढलेलं नव्हतं. झाड नाही, रस्ता नाही. नुसतं लिहिलं होतं, 'मोकळी जागा'.

अण्णा अंगणात सायकलची साखळी पुसत होते. मी कागद घेऊन गेले. कसं सांगावं कळेना, म्हणून बाईंनी सांगितलं होतं तसंच सांगितलं. "अण्णा, नवं गाव काढलंच नाही. जुनंच सरकवलंय. सगळं तेवढंच हललंय."

"म्हंजी?"

"म्हणजे ओढा नाही, पण ओढ्याची जागा ठेवलीय."

त्यांनी हात पुसले आणि कागद घेतला. टर्नर माणूस, ड्रॉइंग वाचायची त्यांना सवय होती. बोट ठेवून त्यांनी एकेक आकडा बघितला, देवळाचा, चावडीचा, काकांचा, आपला. मग म्हणाले, "चुकून झालं असंल. नकाशाच्या हाफिसात जाऊन सांगू. चूक हाय म्हणावं."

त्यासाठी त्यांनी एक दिवसाची रजा टाकली आणि मला शाळा बुडवून बरोबर नेलं. ऑफिसात एका उंच टेबलाशी नकाशे काढणारे वयस्कर गृहस्थ बसले होते. माझा आलेख त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिला. "कुणी काढला? हिनं?" मग अण्णांकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे हिचं. चूक नाही ती. मला तसंच सांगितलं होतं."

"कुनी सांगितलं, सायेब?"

ते जरा घुटमळले. मग फाइल काढून आमच्यापुढे ठेवली. "तुम्हाला दाखवायला नको खरं तर. पण तुम्ही गावचेच आहात."

गावाचा अर्ज होता. नव्या ठिकाणी गावाची सध्याची रचना आहे तशीच ठेवावी, घरांची अदलाबदल करू नये, अशी विनंती. खाली सह्या आणि अंगठे. आमच्या बारा घरांतला एकही नाही. हा अर्ज झाल्याचं आमच्या वस्तीला माहीतच नव्हतं. अण्णांचं बोट सह्यांवरून खाली खाली गेलं आणि एका सहीवर थांबलं. ती सही ते रोज कंपनीच्या हजेरीपटात आपल्या सहीच्या वर पाहत होते.

येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले. सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले. "तुला तान लागली का?"

पुढच्या रविवारी काका फरशीवर आले आणि त्यांनी हाक मारली. अण्णा गेले. आई आणि मी दारातच उभ्या होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

अण्णा म्हणाले, "त्या अर्जावर सही तुझी हाय का?"

आईनं माझा दंड धरला. गावात उभं राहून अण्णांनी त्यांना 'तू' म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

काका खाली बघत म्हणाले, "हाय."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? समदे बसले व्हते. आमच्या म्हाताऱ्यानं कागद माझ्याम्होरं सरकवला आन माझ्याकडं बघत बसला. थोरलीची सोयरीक जुळायची हाय, राव. मला ह्याच मान्सांत ऱ्हायचंय."

"मलाबी ह्याच मान्सांत ऱ्हायचं व्हतं," अण्णा म्हणाले आणि परत फिरले. काका बराच वेळ सायकल धरून उभे होते. आईनं त्या दिवशी चहाचं विचारलं नाही.

अण्णांनी हरकतीचा अर्ज दिला. महिन्याभरानं एक अधिकारी चावडीवर आले आणि सगळ्यांना बोलावलं. आमची वस्ती खाली, अंगणात उभी. अण्णांनी मला पुढे केलं. मी आलेख उलगडून जे होतं ते सांगितलं: देऊळ इथून इथे, शाळा इथून इथे, आम्ही इथून इथे, आणि ही मधली सहा मोकळी घरं कशासाठी ते विचारायचंय.

वरून एक म्हातारबा म्हणाले, "पोरीला शाळंत घातली, ती आता गाव मोजाया लागली." बरेच जण हसले. काका पाठीमागच्या खांबाशी बसले होते. ते हसले नाहीत. बोललेही नाहीत.

अधिकारी म्हणाले, "मुलगी हुशार आहे." त्यांनी माझा कागद घेतला, घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला. हरकतीची नोंद घेतली आहे, एवढं सांगून ते जीपमध्ये बसले. तो कागद मला परत मिळाला नाही आणि नकाशाही बदलला नाही.

दीड वर्षानं गाव उठलं. आमच्या वस्तीतल्या अकरा घरांनी मिळाली ती जागा घेतली. दुसरीकडे जायला त्यांना कुठे जागा होती? अण्णांनी घेतली नाही. "मी त्या टोकाला पुन्यांदा जानार न्हाई," म्हणाले, आणि पिंपरीत रेल्वेच्या रुळांजवळच्या चाळीत एक खोली भाड्यानं घेतली. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी सोळा वर्षांची होते, आणि आई काय म्हणते हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आईची सगळी माणसं त्या अकरा घरांत होती. दोन नणंदा, चुलत जावा, लहानपणची एक मैत्रीण जी त्याच गल्लीत सून होऊन आली होती. चाळीत शेजारी एक मराठवाड्याकडचं कुटुंब, एक कोकणातलं. माणसं चांगली होती, पण आई नळावर गप्प उभी राहायची, बादली भरली की परत. रविवारी ती बस धरून नव्या वस्तीत जायची. अण्णा कधीच गेले नाहीत. ती संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या बोलण्यात पुन्हा जुना सूर आलेला असायचा, आणि सोमवारपर्यंत तो जायचा.

अण्णा आणि काका त्यानंतरही आठ-नऊ वर्षं शेजारच्या मशीनवर काम करत होते. डबे वेगळे झाले. कामापुरतं बोलणं होई. अण्णांच्या एका सोबत्यानं मला पुढे सांगितलं की अण्णा आता कंपनीतही त्यांना 'तुमी' म्हणत. ते 'तुमी' ऐकलं की काका मशीन बंद करून पाणी प्यायला जात.

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अण्णांना हृदयाचा त्रास सुरू झाला. दवाखान्यात ठेवलं. मी शाळा सुटली की तिथे जायची आणि आई जरा घरी जाऊन यायची.

तिसऱ्या दिवशी काका आले. केस पांढरे झालेले, हातात पेरूंची पिशवी. दारात थांबून हळू आवाजात म्हणाले, "झोपलाय?"

मी वळून बघितलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. पापण्या हलत होत्या. ते जागे आहेत हे मला कळत होतं. मी म्हणाले, "हो."

काका स्टुलावर तासभर बसले. एकदा त्यांनी अण्णांच्या पायांवरची चादर सारखी केली. मग उठले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथे म्हणाले, "काका, परत नका येऊ. तुम्हाला बघून त्यांना त्रास होतो."

ते म्हणाले, "बरं, बाळ." आणि कठडा धरून उतरले.

मी परत आले तर अण्णा छताकडे बघत होते. "गेला?"

"गेले."

"काय म्हनत व्हता?"

"काही नाही. बसले होते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून पोचले तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं, "आज न्हाई आला?" मी म्हणाले, शिफ्ट असेल. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा विचारलं. मी तेव्हा निरोप धाडू शकले असते. कंपनी तिथून बसनं वीस मिनिटांवर होती. पण काकांना मी काय बोलले ते अण्णांना सांगावं लागलं असतं, आणि चावडीवरचं ते हसणं अजून माझ्या कानात होतं. मी गप्प बसले. अण्णांनी चार दिवस विचारलं. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

काका अंत्ययात्रेला आले होते, मागे चालत होते. खांदा द्यायला पुढे आले नाहीत, आणि कुणी त्यांना बोलावलं नाही. मीही नाही.

आईनं महिनाभरात ठरवलं की ती वस्तीतल्या धाकट्या नणंदेकडे राहायला जाणार. मी चिडले. म्हणाले, अण्णांनी जी जागा घेतली नाही तिथेच तू जाणार? ती भांडी गोणपाटात बांधत होती. म्हणाली, "त्यांनी घेतली न्हाई, बरुबर केलं. पर मी इतकी वर्सं कुनासंगं बोलले ते तू सांग."

मग मी खाली बसले आणि तिला जिन्यावरचं सगळं सांगितलं. काय बोलले, अण्णांनी किती दिवस विचारलं, सगळं. तिनं भांडी बाजूला ठेवली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "जा आन त्यांला सांग."

अण्णांची हत्यारांची पेटी कंपनीत राहिली होती, ती आणायचीच होती. मी गेटवर निरोप दिला. पेटी काकाच घेऊन आले. मिलिंगच्या तेलानं हात काळे होते, म्हणून त्यांनी कडीला फडकं गुंडाळलं होतं. मी त्यांना तिथेच, वॉचमनच्या खोलीशेजारी उभं राहून सांगितलं की त्या दिवशी अण्णा जागे होते, आणि नंतर त्यांनी तुमची वाट बघितली.

"किती दिस?"

"चार."

"काय म्हनला?"

"आज न्हाई आला, एवढंच."

काकांनी मान हलवली. त्यांचा चेहरा फार बदलला असं नाही. फक्त त्यांनी पेटी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. "न्हाई आला, म्हनला?" त्यांनी परत विचारलं. "'न्हाई आले' असं न्हवं?"

मी म्हणाले, "नाही. 'आला' म्हणाले."

आत जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. काका आत गेले नाहीत. पेटी जड होती. ती त्यांनी स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आणली आणि बस आल्यावर ड्रायव्हरच्या मागच्या जागेखाली नीट सरकवून ठेवली.